सायत्राबाईच्या पायावरचे ठिपके

मशीन सुरू झालं की टक टक टक टक असा एकसारखा आवाज यायचा. वाळक्या सागाच्या खोडावर सुतारपक्षी चोच मारत बसतो, अगदी तसा. ब्रह्मपुरीतल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्राच्या मागच्या खिडकीतून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दिसायच्या. पंखा हळू फिरत असायचा आणि उपचार घेणाऱ्या माणसाचे डोळे पाच मिनिटांत मिटायला लागायचे. खरं सांगायचं तर माझेही. त्या सहा-सात महिन्यांतलं मला जे काही आठवतं, ते त्या आवाजाच्या आतूनच आठवतं. थोडं पेंगुळलेलं आणि थोडं हिरवं. एखादी गोष्ट मागेपुढे झाली असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

कामाचे अनुभव खरं तर तीस-चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसांनी लिहायचे असतात. माझी तर ती नोकरीही नव्हती. फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिने प्रत्यक्ष काम करावं लागतं, त्यासाठी मी तिथे होते. मी सावली तालुक्यातल्या एका गावची. आई रोवणीला, कापणीला जाते, बाबा राईस मिलमध्ये आहेत. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी काय शिकते हे आईला समजावताना माझी फार फजिती व्हायची. "मालिश करतेस का?" नाही. "मंग हाडवैद्य?" तेही नाही. शेवटी तिने स्वतःच एक वाक्य तयार केलं आणि वस्तीत सगळ्यांना तेच सांगितलं, "माही पोरगी लोकायले चालवते." माझ्या पदवीचा याहून नेमका अर्थ मला अजून सापडलेला नाही.

आमच्याकडे जे मशीन होतं त्याला शॉकवेव्ह म्हणतात. नावातल्या शॉकमुळे अर्धी माणसं दारातूनच परत फिरायची. त्यात विजेचा झटका नसतो. हातात धरायच्या एका दांड्यात हवेच्या दाबाने आत छोटा ठोका बसतो आणि त्याची लाट कातडीतून खाली जाते. आधी थंडगार जेल लावायची, मग दांडा हळूहळू फिरवायचा, एवढंच. टाचदुखीला, खांद्याला ते बऱ्याच ठिकाणी वापरतात. दबलेल्या, दुखावलेल्या नसांवर वापरणं मात्र नवीन आहे. ठोक्यांमुळे तिथला रक्तपुरवठा सुधारतो, नस पुन्हा वाढायला मदत होते, असं म्हणतात. आमच्या मॅडम हे वाक्य कायम "असं म्हणतात" वरच संपवायच्या. मूळच्या नागपूरच्या, कमी बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, की पेशंटला आशा वाटली तर वाटू द्यावी, आपण वचन द्यायचं नाही.

मी ते वहीत लिहून घेतलं होतं. तरी चुकले.

मॅडमच्या हाताखाली माझे दोन नेमाचे पेशंट होते, दोघेही मंगळवारचे. पहिले गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मधुमेहाने त्यांच्या तळपायांच्या नसा बिघडल्या होत्या, पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळायचे. येताना ते गोळ्यांची कापडी पिशवी घेऊन येत आणि टेबलावर ठेवून म्हणत, "माह्या पोटात आता जेवणाले जागा नाई. तुह्या मशीनले गोळी लागत नाई ना, मंग मी इथीच बरा." मॅडम त्यांना दर वेळी सांगत, की साखरेच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. गुरुजी मान हलवत आणि पिशवी उचलत.

दुसऱ्या सायत्राबाई. पन्नाशीच्या आसपासच्या, गोंड. ब्रह्मपुरीहून जीपने पाऊण तासावर, जंगलाच्या काठाला त्यांचं गाव. पहिल्यांदा आल्या तेव्हा ऑगस्ट होता. त्या चालत आल्या ते गुडघाभर पाण्यातून चालल्यासारख्या, उजवा गुडघा उंच उचलून. पाऊल पुढून लोंबत होतं आणि फरशीवर थप्पकन पडत होतं. त्या पायात चप्पल नव्हतीच, ती हातात होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "पायातून निंगून जाते न मले समजतच नाई. दोन जोड हारवले."

मोहाची फुलं वेचायचा आणि त्यानंतर तेंदूपत्त्याचा असा दोन-अडीच महिन्यांचा हंगाम त्या रोज तासन्‌तास उकिडव्या बसल्या होत्या. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक नस हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते. उकिडवं बसलं की ती दबते. एरवी उठलं की पाय झिणझिणतो आणि दोन मिनिटांत ठीक होतो. सायत्राबाईंचा पाय मे महिन्यात एका संध्याकाळी झिणझिणला आणि पुन्हा नीट झालाच नाही. त्यानंतर गावातल्या गावात तेल झालं, शेक झाला, कुणीतरी दिलेल्या गोळ्या झाल्या. गोळ्यांनी पोट बिघडलं, पाय होता तसाच.

बधिरपणा घेऊन कुणी आलं की आमच्या भागात आधी कुष्ठरोगाची आणि साखरेची तपासणी करून घेतात. ती झाली, दोन्ही नव्हतं. मग मॅडमनी पावलाला आधार देणारी पट्टी दिली, व्यायाम दिले, उकिडवं बसणं बंद केलं, आणि आठवड्यातून एकदा मशीन.

सायत्राबाईंना बरं व्हायचं होतं ते एकाच कारणासाठी. गावातल्या आठ बाया मिळून मोहाला जातात. त्यांची जाऊ शांताबाई पुढे असते. जंगलात वाघ आहे हे तिकडे कुणी सांगत नाही, तो आहेच. म्हणून बाया एका ओळीत चालतात, एकमेकींना हाका देत. जी मागे पडते तिचं काय होऊ शकतं हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. रोवणीच्या दिवसांत शांताबाईने त्यांना स्पष्टच सांगितलं होतं आणि सायत्राबाईंनी ते मला जसंच्या तसं सांगितलं. "बाई, पुढच्या मोहाले आमी तुह्यासाठी थांबू का मोह वेचू? चप्पल पायात राह्यली तर ये. नाई राह्यली तर घरी राय."

यात राग नव्हता. शांताबाईचं बरोबरच होतं, असंही त्या म्हणाल्या.

सुरुवातीला मी पेशंटशी कॉलेजातली मराठी बोलायचे. "आता पंजा वर घ्या बरं." समोरचा माणूस "हो मॅडम" म्हणून गप्प व्हायचा. एकदा सायत्राबाईंच्या पायावर दांडा फिरवता फिरवता माझ्या तोंडून निघून गेलं, "दुखून राह्यलं का वो?" त्यांनी मिटलेले डोळे उघडले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "सावलीकडची होय का तू? मंग पह्यलेच बोलाव ना." त्या दिवसापासून मी 'पोरी' झाले आणि त्या बोलू लागल्या.

टकटक सुरू झालं की त्यांना झोप लागायची आणि झोपेत पाय चालायचा. तसं त्या सांगत. पाय एकटाच पुढे जातो, त्या मागे राहतात. पहाटेची वेळ असते, मोहाखाली फुलं पडलेली असतात, पिवळसर, ओलसर, आणि पाय त्यांच्यावरून जातो. "पायाले सारं समजते. मलेच समजत नाई." हे सांगताना त्यांचा आवाज तसाच झोपेतला असायचा. मी दांडा फिरवत राहायचे. खिडकीबाहेर धान पोटरीला आलेलं असायचं. कधी कधी मलाही वाटायचं, की आपण तिघी कुठेतरी चाललो आहोत. त्या, मी आणि तो पाय.

नस पुन्हा वाढते ती फार हळू. रोज साधारण एक मिलिमीटर, असं आम्हाला शिकवलं होतं. ती कुठवर आली हे बघायची एक साधी युक्ती असते. नसेच्या वाटेवर बोटाने टिचक्या मारत खाली जायचं. जिथे मुंग्या आल्यासारखं झिणझिणतं, तिथवर ती पोचलेली. तिथे मी पेनने ठिपका करायचे. पुढच्या मंगळवारी ठिपका थोडा खाली.

मला हे इतकं सुंदर वाटायचं की मी ते सगळ्यांना सांगत सुटायचे. सायत्राबाईंनाही सांगितलं. तुमच्या नडगीत एक वाट तयार होते आहे, रोज मोहरीच्या एका दाण्याएवढी. बाकावर गुरुजी बसले होते. त्यांच्यातला मास्तर जागा झाला. त्यांनी बोटावर हिशेब केला आणि जाहीर केलं, "पंधरा दिवसाले एक बोट. अंगठ्यापर्यंत मोज बाई किती बोटं होतात." सायत्राबाईंनी लगेच बोटं एकापुढे एक ठेवत मोजली.

ठिपका मात्र टिकत नसे. धुणं, अंघोळ, बांधीतला चिखल. दर वेळी तो पुसलेला आणि मला अंदाजाने शोधावा लागायचा. दिवाळीच्या सुमारास मी थोडी वैतागले आणि त्यांना म्हणाले, "बाई, या बारीनं ठिपका पुसू नका देऊ. काई करा, पण पुसला नाई पाह्यजे."

त्यांनी मान डोलावली आणि निघून गेल्या. पुढचा मंगळवार त्यांच्या गावच्या मंडईचा होता, त्यामुळे त्या आल्या नाहीत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री नाटक असतं, पाळणे, मिठाईची दुकानं. तिथे गोंदणारी बाईही बसते. हल्ली तिच्याकडे बॅटरीवरचं यंत्र असतं.

त्यापुढच्या मंगळवारी सायत्राबाई आल्या, खाटेवर बसल्या आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. नडगीवरून घोट्याकडे, तिथून पावलावरून थेट अंगठ्यापर्यंत हिरव्या-काळ्या ठिपक्यांची ओळ गेली होती. माझा पेनचा ठिपका पहिला, आणि त्यापुढे बोटाबोटाच्या अंतराने वीस. आजूबाजूची कातडी सुजलेली होती, दोन-तीन ठिकाणी खपली धरली होती.

मी खाली वाकून ठिपके मोजत गेले. त्यांना वाटलं मी खूश झाले.

"आता नाई पुसत," त्या म्हणाल्या. "मेल्यावर काईच संगं येत नाई, गोंदण येते. अन् तुले दर बारी शोधा लागते, म्हणून पूर्ण वाटच काढून घेतली. त्या नसले बी दिसंन ना कुठी जायचं थे."

मॅडम मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मोठ्याने बोलल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. बधिर पायावर जखम झाली तर त्या बाईला कळणारही नाही, ती चिघळू शकते. सुई कुणाकुणाला वापरलेली होती कोण जाणे. आणि आता ही कातडी भरेपर्यंत मशीन बंद. "तू तिला काय सांगितलंस ते आठव," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या. ते मला आठवत होतंच. गोंदणाच्या मुलखात वाढलेल्या मुलीने एका गोंड बाईला सांगितलं होतं, की खूण पुसली जाता कामा नये. माझ्या आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं. दुसरा काय अर्थ निघणार होता? बाहेर बाकावर गुरुजी पडलेल्या चेहऱ्याने बसले होते. बोटांचा हिशेब त्यांचा होता, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

जखमा साफ केल्या, सरकारी दवाखान्यातून इंजेक्शन आणि रक्ततपासणी करून आणली. तपासणी चांगली निघाली. पट्टी बांधताना मी खाली बघतच विचारलं, "एवढं गोंदलं. दुखलं नाई का वो?"

"दुखलं ना. पह्यला लागला, दुसरा लागला. अयायाया केलं मी." त्या हसल्या. "तिसऱ्याले मुंगी चावल्यावानी. मंग काईच नाई. खालचे सारे तिनं गोंदले न मी तिच्यासंगं गोष्टी करत बसली. तिची मशीन म्हणजे तुह्या मशीनची लहान बहीण. पण आवाज वंगाळ."

माझा हात थांबला. मी पट्टी तशीच सोडून मॅडमना बोलावून आणलं. डोळे मिटायला सांगून आम्ही एकेका ठिपक्याच्या बाजूला कापसाने, मग बोथट टोकाने स्पर्श करत गेलो. त्या म्हणाल्या तसंच होतं. पहिले दोन जागे, तिसरा अर्धवट झोपेत, पुढचे सगळे गाढ झोपलेले. माझ्या टिचक्या आणि अंदाज जे धड सांगू शकत नव्हते ते गोंदणारणीच्या सुईने नेमकं सांगितलं होतं. मॅडमनी फाईल मागवली. त्यात त्यांनी पायाचं चित्र काढलं आणि एकवीस ठिपके दिले. असं कुणी करू नये, हे त्यांनी मला त्या दिवशी पुन्हा दोनदा सांगितलं. मीही इथे सांगते. करू नये.

पुढचे तीन आठवडे मशीन बंद होतं. फक्त पट्टी आणि व्यायाम. चौथ्या मंगळवारी तपासलं तर तिसरा ठिपका पुरता जागा झाला होता आणि चौथा चाळवत होता.

म्हणजे मशीन बंद असतानाही नस आपल्या चालीने चाललीच होती. हे पाहून मी आधी हिरमुसले. मग आमचा इतका टकटकाट कशासाठी, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, की मशीनने मदत केली असेल, उकिडवं बसणं सुटलं त्याने केली असेल, किंवा शरीराने स्वतःच केलं असेल. एका पायावरून हे कधीच सांगता येणार नाही. "तुला आवडलं नाही तरी असंच लिही," त्या म्हणाल्या. म्हणून असंच लिहिते आहे.

डिसेंबरात एका दुपारी त्या नेहमीसारख्या पेंगत होत्या. मी दांडा बाजूला ठेवला, जेल पुसली. आणि पंजा हलला. अगदी थोडा, वाऱ्याने पान हलावं इतका. पाय उचलणाऱ्या स्नायूपर्यंत नस आधी पोचते, कातडीची समज मागून येते, हे पुस्तकात वाचलं होतं. तरी मला वाटलं मला भास झाला. मी हळूच म्हणाले, "बाई, पुन्हा." त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "सपनातला का खरोखरचा?" आणि पंजा पुन्हा हलला.

गुरुजींच्या पायांना मात्र काही ऐकू आलं नाही. सप्टेंबरातच मी त्यांना सांगून बसले होते, की तुमची आग नक्की कमी होईल. 'नक्की' हा शब्द मीच वापरला होता. सहा आठवडे झाले, मग आणखी सहा. झोप थोडी बरी लागते म्हणायचे, पण ते माझं मन राखायला, हे मला कळायचं. जानेवारीत त्यांनी येणं थांबवलं. शेवटच्या दिवशी पिशवी उचलत म्हणाले, "गणित बरोबर असूनबी कधी कधी उत्तर येत नाई पोरी. पुन्हा मांडा लागते." मी तेव्हा त्यांची माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. वहीतलं मॅडमचं वाक्य मी आता लाल शाईने पुन्हा लिहून ठेवलं आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी माझी मुदत संपली. मार्चमध्ये सायत्राबाईंच्या सुनेचा फोन आला, सासूने बोलावलंय म्हणून. मी आदल्या दुपारी जीपने गेले आणि सोबत एक ठेंगणा लाकडी पाट नेला, उकिडवं न बसता त्यांना मोह वेचता यावा म्हणून. शांताबाई पहिल्यांदा दिसली ती पाटाकडे बघताना. उंच, सुकलेली, बोलण्यात धार. "नवरीवानी पाटावर बसून मोह वेचन म्हणते आमची बाई," तिने बाकीच्या बायांना सांगितलं. सायत्राबाई म्हणाल्या, "तुले बी बसवीन एखांद्या दिवशी. पण पाट मांगा लागंन माह्याजवळूनच." सगळ्या हसल्या, शांताबाई सोडून.

सकाळी बाया गावाच्या टोकाला जमल्या. उजेड नीट पडल्याशिवाय हल्ली जंगलात शिरत नाहीत. हवेत मोहाचा तो गोड, जड वास भरलेला होता. टोपल्या कमरेला होत्या. सायत्राबाईंच्या पायात नवी चप्पल होती, साधी, दोन पट्ट्यांची. शांताबाईने नाल्याकडे बोट दाखवलं. तिथवर जाऊन यायचं होतं. सायत्राबाई निघाल्या.

मी फक्त उजव्या पायाकडे बघत होते. पाऊल उचलत होतं, टाच आधी टेकत होती. थप्प असा आवाज येत नव्हता. नाल्याच्या उतारावर त्या एकदा थांबल्या, खाली पायाकडे पाहिलं, कारण चप्पल आहे की नाही हे अजून त्या पायाला सांगता येत नव्हतं. सात ठिपके जागे झाले होते, आठवा चुळबुळत होता, बाकीचे पावलावर तसेच झोपलेले होते. चप्पल होती. त्या वळल्या आणि चढ चढून परत आल्या.

शांताबाईने चपलेकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. सायत्राबाईंच्या कमरेवरची टोपली नीट केली आणि पुढे होऊन चालू लागली. बाकीच्या तिच्यामागे.

जंगल अजून निळसर होतं. सागाची मोठमोठी वाळलेली पानं पायाखाली कुरकुरत होती, आणि कुठेतरी उजव्या हाताला सुतारपक्षी खोडावर टकटक करत होता. मला वाटलं मी पुन्हा त्या खोलीत आहे, खिडकी आहे, पंखा फिरतो आहे. पहिल्याच मोहाखाली फुलं पडलेली होती, ओलसर, पिवळी, दवाने भरलेली. त्यांच्यावरून सायत्राबाईंचा पाय गेला. मी ते बघत उभी राहिले. एक फूल उचलून तळहातावर घेतलं. किती वेळ गेला, ते सांगता येणार नाही. मान वर केली तेव्हा बायांची ओळ बरीच पुढे गेली होती आणि मी एकटीच मागे होते.

ओळ थांबली. सायत्राबाई वळून उभ्या होत्या. त्यांनी पुढच्या बाईला सरकायला सांगून स्वतःपुढे एका माणसाची जागा केली.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मागं नोको राहू. मधात ये."